फेडलेलं लोन सिबिलमध्ये अजून चालूच दिसतंय (सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा, नावांऐवजी फ्लॅट नंबर)

बी-३०४ : नमस्कार मंडळी. चारचाकीचं लोन गेल्या वर्षीच फेडलंय, फायनान्स कंपनीची एनओसी आहे, आरसीवरची एचपी, म्हणजे लोनचा बोजा, पण उतरवलीय. आता घराच्या लोनला बँक म्हणते, सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, खातं चालू आहे आणि ४७२ रुपये ओव्हरड्यू, म्हणजे थकीत. शाहूपुरीतला एक एजंट पाच हजारांत 'क्लीन' करून देतो म्हणतोय. देऊ का?

सी-२०२ : एजंटला लांबूनच रामराम घाला. तो जो अर्ज भरणार तो फुकट असतो, आणि त्यासाठी लागणारा ओटीपी तुमच्याच मोबाईलवर येणार. खरी असलेली नोंद कुणालाच पुसता येत नाही. चुकीची असेल तर ती दुरुस्त होतेच, त्याला पैसे पडत नाहीत.

ए-४०१ : सिबिलच्या ऑफिसला फोन करून होत नाही का साहेब?

सी-२०२ : नाही. सिबिल फक्त वही सांभाळते, वहीत लिहिणारी बँक किंवा फायनान्स कंपनी. तुम्ही तक्रार टाकली की सिबिल ती कंपनीकडे पाठवते आणि कंपनीनं 'बदला' म्हटल्याशिवाय एक आकडाही हलवत नाही. म्हणून नुसता सिबिलवर जोर लावून उपयोग नाही, दोन्हीकडे एकदम धरायचं.

बी-३०४ : हा बघा रिपोर्ट, पहिलं पान टाकतो.

ए-१०१ (सचिव) : अहो डिलीट करा ते आधी! पॅन, जन्मतारीख, पत्ता सगळं आहे त्यावर. दीडशे लोक आहेत ग्रुपवर.

बी-३०४ : केलं डिलीट. सॉरी.

सी-२०२ : रिपोर्ट पूर्ण काढलाय ना? ॲपवर नुसता स्कोअर दिसतो, त्यातून काही कळत नाही. देशात चार कंपन्या आहेत : सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. २०१७ पासून प्रत्येकीनं वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. चारही काढा. घराच्या लोनची बँक कुठला बघेल सांगता येत नाही, आणि चूक कधी एकातच असते, कधी चारही ठिकाणी. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्यानं स्कोअर कमी होत नाही, ती भीती काढून टाका.

बी-५०२ : मी लोन फायलींचंच काम करते म्हणून सांगते. त्या खात्यासमोर 'डेट रिपोर्टेड' अशी तारीख असते, कंपनीनं शेवटची माहिती कळवल्याची. बहुतेक लोक शिल्लक बघतात आणि ती तारीख सोडून देतात. सगळा निकाल तिथंच लागतो.

समजा लोन गेल्या जूनमध्ये फिटलं आणि डेट रिपोर्टेड गेल्या मे महिन्यातच अडकलीय. म्हणजे कंपनीनं शेवटची 'खातं बंद' ही नोंद पाठवलीच नाही, तुमचं खातं तिच्या यादीतून गळलं. हे सोपं काम आहे. डिस्प्यूट, म्हणजे चुकीच्या नोंदीची तक्रार, टाकला, कागद जोडले की उरकतं.

पण डेट रिपोर्टेड अगदी अलीकडची असेल, तर कंपनी दर वेळेला नव्यानं 'चालू, ४७२ बाकी' असं कळवतेय. म्हणजे तिच्या स्वतःच्या खतावणीतच ती बाकी आहे. अशा वेळी नुसता डिस्प्यूट टाकला तर उत्तर ठरलेलं : माहिती बरोबर असल्याचं सदस्य संस्थेनं (म्हणजे त्याच कंपनीनं) कळवलं आहे. मग तुम्ही परत टाकणार, परत तेच उत्तर.

ए-४०१ : पण एनओसी दिलीय की त्यांनी!

बी-५०२ : कुठली एनओसी ते बघा. आरटीओसाठी फॉर्म ३५ आणि सोबतचं पत्र देतात, त्याचा अर्थ गाडीवरचा बोजा उठला एवढाच. सिबिलला लागतं ते 'नो ड्यूज' पत्र : त्यात लोन खाते क्रमांक, बंद झाल्याची तारीख आणि बाकी शून्य असं स्पष्ट पाहिजे. त्याबरोबर एसओए, म्हणजे खात्याचा पहिल्यापासून शेवटपर्यंतचा उतारा. ४७२ कशाचे ते त्यातच दिसेल. बहुतेक जुना बाउन्स चार्ज असतो, नाहीतर शेवटचा हप्ता दोन दिवस उशिरा गेला त्याचा दंड, वर जीएसटी.

सी-२०२ : एक जोडतो. आत्ताच एखाद्यानं लोन फेडलं असेल तर लगेच डिस्प्यूट टाकू नये. कंपन्यांनी कर्जदारांची माहिती किमान पंधरवड्याला एकदा पाठवायची असा नियम २०२५ मध्ये आला, पण ती पोचून रिपोर्टात चढायला आणखी दिवस जातात. महिनाभर थांबून बघायचं.

बी-३०४ : डिस्प्यूट टाकायचा कसा ते सांगा की कुणीतरी.

बी-५०२ : सिबिलच्या साईटवर लॉगिन, क्रेडिट रिपोर्ट, तिथं डिस्प्यूट सेंटर. खातं निवडलं की रकाने उघडतात. इथं लोक अर्धवट भरतात. नुसती शिल्लक शून्य करा म्हणून टाकतात, ओव्हरड्यू आणि 'डेट क्लोज्ड' तशीच. मग शिल्लक शून्य होते पण खातं चालूच राहतं. तिन्ही रकाने एकाच वेळी. शिवाय खाली महिन्यावार डीपीडीचे चौकोन असतात, हप्ता किती दिवस थकला ते. ०००, एसटीडी म्हणजे बरं. फिटल्यानंतरच्या महिन्यांत ०३०, ०६०, ०९० असं चढत गेलेलं दिसलं तर तेही लिहा, कारण ४७२ रुपयांपेक्षा तेच स्कोअर जास्त पाडतं. एक्सएक्सएक्स दिसलं तर त्या महिन्याची माहिती आली नाही एवढंच, घाबरू नका. शेवटी डिस्प्यूट आयडी मिळतो, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

सी-२०२ : आणि त्याच दिवशी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल. गोड बोलायची गरज नाही, असं लिहा : 'लोन खाते क्र. अमुक, बंद दि. अमुक. सिबिल रिपोर्ट कंट्रोल नंबर (रिपोर्टवरचा क्रमांक) अमुक, यात शिल्लक, ओव्हरड्यू व बंद तारीख चुकीची. चारही क्रेडिट माहिती कंपन्यांना दुरुस्त नोंद पाठवावी व पाठवल्याचे लेखी कळवावे.' चारही हा शब्द महत्त्वाचा, नाहीतर एका ठिकाणी दुरुस्त करून मोकळे होतात.

ए-४०१ : किती दिवस वाट बघायची?

सी-२०२ : एकूण ३० दिवस, कॅलेंडरचे, सुट्ट्यांसह. त्यातले २१ कर्ज देणाऱ्याचे. पुढं गेलं तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. ४५ दिवस लावले तर १५ दिवसांचे १५००. कंपनीनं २१ दिवसांत काम केलं नसेल तर ती देणार, तिनं वेळेत केलं आणि सिबिलनं रखडवलं तर सिबिल देणार. तक्रार मिटल्यावर ५ कामाच्या दिवसांत खात्यावर यायला पाहिजे. तक्रार अर्धवट भरली तर मात्र हक्क जातो, आणि 'माझा स्कोअर कमी का' या तक्रारीला भरपाई नाही.

३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर ऑनलाइन, फी नाही, चौकशीला १४४४८. सप्टेंबर २०२२ पासून क्रेडिट माहिती कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत. वकिलामार्फत टाकलेली तक्रार घेत नाहीत, स्वतःच टाका. त्याला मुदत असते, उशीर करू नका.

बी-१०२ : काका, माझ्या रिपोर्टात कुणाचं तरी सोनेतारण दिसतंय. मी काढलेलंच नाही.

सी-२०२ : वहिनी, आधी घरात विचारा. जामीनदार म्हणून सही केली असेल तर ते कर्ज तुमच्या रिपोर्टात 'गॅरंटर' म्हणून येतंच, ती चूक नाही. 'जॉइंट' असेल तरी तसंच. ओनरशिपचा रकाना बघा.

बी-१०२ : 'इंडिव्हिज्युअल' आहे.

बी-५०२ : म्हणजे एकट्या तुमच्या नावावर. मग बहुतेक नावाचा घोळ. जुळवणी नाव, जन्मतारीख, पॅन, मोबाईल, पत्त्यावरनं होते. कागल-करवीरला एका गल्लीत एकाच नावाचे दोन पाटील निघतात, त्यात जुन्या कर्जाला पॅन नाही आणि घरातल्या चौघांना एकच मोबाईल नंबर. बायकांचं आणखी अवघड, माहेरचं एक नाव, सासरचं एक. डिस्प्यूटमध्ये 'हे खातं माझं नाही' निवडा, पॅन-आधार जोडा. नाव-पत्ता चुकलाय तो वेगळा टाका, नाहीतर दुसऱ्याची फाईल परत चिकटते.

आणि ॲपवरचं एखादं छोटं कर्ज असेल, तर कुणीतरी तुमचे कागद वापरलेत असं धरून चला. त्या कंपनीकडून लोन करारपत्र, केवायसीचे कागद, आणि पैसे कुठल्या खात्यावर गेले त्याचा यूटीआर, म्हणजे व्यवहार क्रमांक, मागा. दुसऱ्याच्या खात्यावर गेले असतील तर तोच तुमचा पुरावा. १९३० वर सायबर तक्रार त्याच दिवशी.

ए-१०१ (सचिव) : पतसंस्थेचं कर्ज पण येतं का यात?

सी-२०२ : सहसा येत नाही, सहकारी बँकेचं येतं. त्यामुळं पतसंस्थेचे हप्ते वेळेत भरले तरी सिबिलला त्याचा फायदा होईलच असं धरू नका.

बी-३०४ : तारीख बघितली. डेट रिपोर्टेड मागच्याच पंधरवड्याची आहे.

बी-५०२ : मग तुमचं दुसऱ्या प्रकारातलं. आधी एसओए. डिस्प्यूट त्यानंतर.

बी-३०४ : ४७२च आहेत, भरून टाकू का सरळ? लोन अडकलंय.

बी-५०२ : चार्ज खरा असेल तर भरा, पण आधी लेखी घ्या की भरल्यावर खातं 'क्लोज्ड' दाखवणार. थोडी सूट देऊन मिटवतो म्हणाले तर घेऊ नका, सूट दिली की 'सेटल्ड' लिहितात आणि ते घराच्या लोनला ओव्हरड्यूपेक्षा वाईट. चार्ज खोटा असेल तर रद्द करायची मागणी लेखी. तोवर आणखी पाच बँकांत अर्ज टाकू नका, प्रत्येक अर्जाची एन्क्वायरी रिपोर्टात चढते. आहे त्या बँकेच्या लोन ऑफिसरला एसओए आणि डिस्प्यूट आयडी देऊन फाईल थांबवून ठेवायला सांगा.

सी-२०२ : शाखेत अर्ज देणार असाल तर दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या, तारखेसह शिक्का. नुसती सही चालणार नाही, ३० दिवस त्या तारखेपासून मोजायचेत.