फर्न कॅन्यन एका दिवसात : तुमचे अनुभव लिहा

येत्या जुलैत सासूबाई-सासरे रत्नागिरीहून आमच्याकडे येत आहेत. सासऱ्यांनी फर्न कॅन्यनचे फोटो पाहिले आणि फोनवर पहिलाच प्रश्न केला, "तिथं नेशील ना?" न्यायचंच आहे. म्हणून उत्तर कॅलिफोर्नियाच्या या दरीत जाऊन आलेल्या सगळ्यांना विनंती, तुमचे अनुभव लिहा. काय चुकलं तेही लिहा.

सुरुवात माझ्यापासून. गेल्या जूनमध्ये सॅन होजेहून जवळजवळ सात तास गाडी चालवून आम्ही ऑरिक गावाच्या पुढे, दरीकडे जाणाऱ्या डेव्हिसन रस्त्याला लागलो आणि तिथूनच परत फिरलो. 15 मे ते 15 सप्टेंबर या काळात गाडीने जायचं तर परवाना आधी ऑनलाइन काढावा लागतो, आणि रोजच्या गाड्या मोजक्याच सोडतात. हे मला तिथे पोचल्यावर कळलं. मुलगी गाडीत रडली. त्या दिवशी आम्ही जवळच्या प्रेअरी क्रीक उद्यानात रेडवूडच्या उंच झाडांमध्ये फिरलो, तेही सुंदरच होतं, पण तिचं रडणं अजून आठवतं.

फ्रीमॉन्टहून

आईला घेऊन गेले होते, ती 70 वर्षांची, गुडघे दुखरे. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांसाठी सविस्तर लिहिते.

वाहनतळापासून दरीच्या तोंडापर्यंतची वाट सपाट आहे. पुढे वेगळी वाट अशी नाहीच, होम क्रीक या ओढ्याच्या पात्रातूनच चालायचं. उन्हाळ्यात ओढ्यावर जागोजागी लाकडी फळ्या टाकतात, पण त्या अरुंद असतात आणि समोरून माणसं येत असतात. आईला फळीवर तोल सांभाळायची भीती वाटली, म्हणून आम्ही सरळ पाण्यातूनच गेलो. पाणी घोट्याएवढं, पण बर्फासारखं गार. तिच्या पायात पुढून बंद, रबरी तळव्याच्या सँडल होत्या, त्या अगदी योग्य ठरल्या. माझे उंच, पाणी न शिरणारे म्हणून घेतलेले बूट वरून भरले आणि दिवसभर जड झाले. ज्येष्ठांसाठी दोन काठ्या न्याच.

पन्नास फूट उंच भिंती, दोन्हीकडे वरपासून खालपर्यंत नेचे (म्हणजे फर्न), आणि त्यांच्यातून पाणी झिरपत असतं. आई मध्येच थांबली, चष्मा पुसला आणि म्हणाली, "अगो, हा तर हंसराज!" काळी, चकचकीत, तारेसारखी देठं पाहून तिने ओळखलं. आमच्या संगमेश्वरच्या घरामागच्या विहिरीच्या कठड्यात हंसराज उगवतो, लहानपणी तो खोकल्याच्या काढ्यात पडायचा. घरी येऊन पाहिलं तर खरंच, इथला पाच बोटांसारखा पसरणारा नेचा हंसराजाच्याच कुळातला, फक्त जात वेगळी. या प्रदेशातले मूळ रहिवासी युरोक लोक याच काळ्या देठांनी टोपल्यांवर नक्षी विणतात, हे आईला सांगितलं तेव्हा तिला फार बरं वाटलं. (तोडायचं मात्र काहीच नाही, एक पानसुद्धा.)

दरी जेमतेम अर्धा मैल आहे. शेवटी पायऱ्या चढून वरच्या जंगलातून फेरी पूर्ण करता येते, एकूण साधारण एक मैल. आम्ही पायऱ्या टाळल्या आणि आल्या वाटेने पाण्यातूनच परतलो. दोन तास लागले. घाई करूच नका.

सॅक्रामेंटोहून

गाडीबद्दल. डेव्हिसन रस्ता पुढे कच्चा आणि अरुंद होतो, खड्डे पुष्कळ, आणि शेवटी एक-दोन ठिकाणी ओढा गाडीनेच ओलांडावा लागतो. आम्ही मार्चमध्ये साध्या सेडानने गेलो, पहिल्याच ओढ्याला पाणी पाहून थांबलो आणि परत फिरलो. ट्रेलर, मोठी आरव्ही (आत राहायची सोय असलेली गाडी) नेऊ देत नाहीत. पेट्रोल युरेका किंवा आर्केटालाच भरून घ्या, आणि ताशी 15 मैलांपेक्षा जास्त वेग मिळेल अशी आशा धरू नका.

पोर्टलंडहून

आम्ही चौघांनी गाडीचा रस्ता सोडून चालत जायचं ठरवलं. चालत आत येणाऱ्यांना तो परवाना लागत नाही. प्रेअरी क्रीकच्या माहिती केंद्रापासून जेम्स आयर्विन नावाची वाट निघते, साडेचार मैलांची. जंगल असं की दोन तास कोणी मोठ्याने बोललं नाही. रेडवूडचे बुंधे, खाली गुडघाभर नेचे, पायाखाली सालींचा मऊ थर. उन्हाळ्यात इथे पाऊस जवळजवळ नसतो. समुद्रावरून धुकं येतं, फांद्यांवर जमतं आणि थेंबाथेंबाने खाली पडतं, त्यावर ही झाडं उन्हाळा काढतात. ऑगस्टमध्येही अंगावर जाकीट होतं.

दरीत आम्ही वरच्या अंगाने उतरलो. मी सह्याद्रीतली सांधण दरी दोनदा केली आहे, त्यामुळे मन आपोआप तुलना करत होतं. सांधणला काळा कातळ, प्रचंड धोंडे, आकाशाची चिंचोळी पट्टी. इथली भिंत कातळाची नाहीच. गोटे आणि वाळू यांचे जुने थर आहेत, हाताने उकरता येतील इतके सैल, आणि ओढ्याने ते कापले आहेत. म्हणून भिंतीला टेकून बसू नका, आणि मोठ्या पावसानंतर लगेच जाऊ नका, वरून झाडंही कोसळतात.

पुढे गोल्ड ब्लफ्स किनारा. 1850 च्या दशकात इथल्या वाळूत सोनं धुवायला माणसं येत. किनाऱ्याने चालून मायनर्स रिज या वाटेने परत, एकूण सुमारे 12 मैल, आम्हाला साडेसात तास लागले. किनाऱ्यावर समुद्राकडे पाठ करू नका. शांत वाटणाऱ्या पाण्यातून अचानक एखादी लाट फार आत येते, आमच्यातला एकजण कमरेपर्यंत भिजला. आणि फोनला रेंज शून्य. नकाशा आधी उतरवून घ्या, परवाना असेल तर तो कागदावर छापून घ्या, आणि परतीची वेळ घरी कोणाला तरी सांगून निघा.

डेव्हिसहून

खाण्याचं. आत काहीही मिळत नाही, ऑरिकमध्येही फारसं नाही. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि उकडलेली अंडी नेली. या भागात अस्वलं आहेत, गाडीत उघडं अन्न ठेवू नका. कचरा परत आणायची पिशवी वेगळी ठेवा.

सांता रोझाहून

सप्टेंबरच्या मध्यात गेलो होतो, मुलगा सहा वर्षांचा. कच्च्या रस्त्यावर रूझवेल्ट एल्कचा कळप आडवा बसला होता. आमच्या सांबरापेक्षा अंगाने बराच मोठा प्राणी. तो त्यांच्या माजाचा काळ, नर शिंगं खाली घालून हुंकारत होता. आम्ही काचा वर करून चाळीस मिनिटं गाडीतच थांबलो. मागच्या गाडीतले एकजण फोटोसाठी उतरून जवळ गेले, नर वळला तेव्हा माझ्या काळजाचं पाणी झालं. किमान 75 फूट अंतर हवंच. मुलाला तो कळप दरीपेक्षा जास्त आठवतो.

युरेकाहून (इथेच राहतो)

मी बारा महिने जातो, म्हणून हिवाळ्याबद्दल लिहितो. परवान्याचा काळ संपला की फळ्या काढतात. पाणी वाढतं, पुरात वाहून आलेले ओंडके दरीत आडवे पडलेले असतात, ते चढून किंवा वाकून पार करावे लागतात. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरमध्ये अशाच शेवाळलेल्या ओंडक्यावरून माझी बायको घसरली आणि तिचं मनगट मोडलं. फोन लागत नव्हता. शालीची झोळी करून हात बांधला आणि तो खडबडीत रस्ता पार केला, प्रत्येक खड्ड्याला ती कळवळत होती. रुग्णालयात पोचायला दीड तास गेला. तेव्हापासून प्रथमोपचाराची पेटी पाठीवरच असते. ओंडका वाळलेला दिसला तरी बसून, सरकत पार करतो.

दिवस निवडताना ऊन शोधू नका. ढगाळ हवेत हिरवा रंग जसा उठून दिसतो तसा उन्हात दिसत नाही. सकाळी नऊच्या आत पोचलात तर ओढ्याचा आवाज ऐकू येईल, अकरानंतर फक्त माणसांचा. बे एरियाहून (सॅन फ्रान्सिस्को, सॅन होजेच्या परिसरातून) एका दिवसात जाऊन येण्याचा विचार कृपया सोडा. आदल्या रात्री आर्केटा किंवा ट्रिनिडाद या इथल्या गावी मुक्काम करा.

सॅन होजेहून (धागा काढणारी)

सगळ्यांचे मनापासून आभार. परवाना काढला, मंगळवारचा मिळाला आहे. छापून फ्रिजवर लावला. आदल्या रात्रीचा मुक्काम आर्केटाला. सासऱ्यांना जेम्स आयर्विनची वाट खुणावते आहे, पण 12 मैल नको, पहिला एक मैल जाऊन परत येऊ असं त्यांच्याशी ठरलं. सासूबाईंना हंसराजाबद्दल सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आपल्या पऱ्ह्याच्या (ओढ्याच्या) काठालाही आहे की." आता दोघांच्या पायांची मापं कागदावर काढून मागवली आहेत. रबरी तळव्याच्या कुठल्या सँडल ओल्या दगडावर खरंच धरतात, हे कोणी सांगेल का?