मदत हवी आहे: डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला रेफरी बाहेर ठेवू शकतो का? (नेरूळ, अंडर-१४)

शिट्टी_नेरूळ
रविवारी नेरूळच्या टर्फवर अंडर-१४ची सेव्हन-अ-साइड फुटबॉल स्पर्धा आहे, मी रेफरी आहे. २०-२० मिनिटांचे हाफ, रोलिंग सब्स्टिट्यूशन (कितीही बदल्या, बाहेर गेलेला परत आत येऊ शकतो). डॉक्टर नाही, फर्स्ट एडची पेटी आणि बर्फ, एवढंच. हेडर घेताना डोक्यावर डोकं आपटलं, मुलगा लगेच उठून 'मी ठीक आहे' म्हणाला आणि कोचनेही 'खेळू द्या' म्हणून आग्रह धरला, तर त्याला बाहेर ठेवायचा अधिकार मला आहे का? आणि कन्कशन (डोक्याच्या मारामुळे मेंदूला बसलेला धक्का) झालंय हे मी ओळखायचं कसं?

लाइन्समन_ठाणे
दुसरा प्रश्न आधी घेतो. कन्कशन झालंय की नाही हे तुम्ही ठरवायचंच नाही. संशय आला, एवढं त्याला बाहेर काढायला पुरेसं आहे.

धडक दिसली की लगेच शिट्टी. बॉल बाहेर जायची वाट किंवा अॅडव्हान्टेज (फाउल होऊनही फायद्यासाठी खेळ चालू ठेवणं) बघायचा नाही. फुटबॉलच्या नियम ५ प्रमाणे गंभीर दुखापतीला खेळ थांबवून खेळाडूला मैदानाबाहेर न्यायची जबाबदारी रेफरीचीच आहे. फाउल नसेल तर खेळ ड्रॉप बॉलने (रेफरी एका खेळाडूसमोर बॉल जमिनीवर सोडतो) सुरू होतो, बाकीचे ४ मीटर लांब. बॉल पेनल्टी एरियात असताना थांबवलं असेल तर तो बचाव करणाऱ्या संघाच्या गोलकीपरला मिळतो. कोपर लागलं असेल तर पिवळ्या-लाल कार्डाचा हिशेब मुलाकडे बघून झाल्यावर.

हमखास चूक होते ती गोलकीपरच्या बाबतीत. जखमी गोलकीपरला उपचारानंतर बाहेर जावं लागत नाही, अशी सवलत नियमात आहे. ती पाहून बरेच रेफरी त्याला तसाच खेळू देतात. ती सवलत उपचार मैदानात करण्यापुरती आहे, डोक्याला मार लागलेल्याला खेळवायला नाही.

'उठून धावतोय की' हे कोचचं नेहमीचं वाक्य. २०१४च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये जर्मनीचा क्रामर धडकेनंतर जवळजवळ पाव तास खेळत होता, आणि 'ही फायनलच आहे ना?' असं त्याने रेफरी रिझोली यांना विचारलं. धावता येणं हा पुरावा नव्हे.

फिजिओ_वाशी
वरच्याला दुजोरा. बहुतेक कन्कशनमध्ये शुद्ध हरपतच नाही. लक्ष ठेवा ते याकडे: निपचित पडणं, सावकाश उठणं, तोल जाणं, शून्यात बघणं, डोकं धरून बसणं, चुकीच्या बाजूला धावणं. मग शांतपणे विचारा: आपण कुठे खेळतोय? शेवटचा गोल कोणी केला? मागची मॅच कोणाशी होती, जिंकलात का? एक उत्तर चुकलं तरी बाहेर. मात्र सगळी बरोबर आली म्हणून परत आत घ्यायचं नाही. लक्षणं काही तासांनीही दिसतात. लहान मुलांचा मेंदू सावरायला जास्त वेळ घेतो, म्हणून त्यांच्या बाबतीत मी अजिबात सूट देत नाही.

यातलं एक जरी दिसलं तरी थेट १०८: मान दुखणं, झटके, वारंवार उलटी, एकाचे दोन दिसणं, हातपाय बधिर किंवा कमजोर होणं, वाढत जाणारी डोकेदुखी, गोंधळ वाढणं, शुद्ध जाणं. अशा वेळी उचलून बेंचवर नेऊ नका, डोकं-मान हलू देऊ नका. श्वास चालत नसेल तर मात्र सीपीआर (छाती दाबणं) आधी. झटके आले तर दाबून धरू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका.

शिट्टी_नेरूळ
खूप मदत झाली. पण रोलिंगमध्ये मुलगा दोन मिनिटांनी गुपचूप परत आत आला तर? आणि ते कन्कशन सब्स्टिट्यूट काय असतं?

लाइन्समन_ठाणे
कन्कशन सब्स्टिट्यूट म्हणजे डोक्याच्या मारासाठीची जादा, कायमची बदली. एका संघाला एक, आणि ती वापरली की समोरच्या संघालाही एक जादा बदली मिळते. २०२४-२५पासून स्पर्धांना हा पर्याय नियमातच आहे. तुमच्याकडे बदल्यांना मर्यादाच नाही, त्यामुळे त्याची गरज नाही.

गुपचूप परत येणं ही तुमची खरी अडचण, आणि ती मॅचआधीच सोडवावी लागते. आयोजकांकडून एक ओळ लेखी घ्या: 'डोक्याच्या मारामुळे रेफरीने बाहेर काढलेला खेळाडू त्या दिवशी पुन्हा खेळणार नाही.' दिवस म्हणा, मॅच नव्हे. एकाच दिवशी तीन-तीन मॅच असतात. टॉसआधी दोन्ही कोचना वाचून दाखवा. प्रसंग आलाच तर जर्सी नंबर आणि मिनिट तुमच्या नोंदीच्या कार्डावर लिहा, स्कोअररला सांगा, मुलाची जर्सी काढून त्याला बिब (सरावाचं बिनबाह्यांचं जाकीट) घालायला लावा. कोच वाद घालू लागले तर 'तुमचा मुलगा ठीक नाही' म्हणू नका, त्यावर चर्चा सुरू होते. 'नियमाप्रमाणे आज बंद' एवढंच बोला. घड्याळ थांबवून ठेवा, म्हणजे वेळेवरून घाई होणार नाही.

फिजिओ_वाशी
पालकांना फोन रेफरीने नाही, कोचने करायचा, पण झाला की नाही ते तुम्ही विचारा. पहिले ३ तास मुलगा एकटा नको, सायकलवरून घरी नको, डॉक्टरांना न विचारता गोळी नको. पुन्हा खेळणं टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्पा किमान २४ तासांचा, आणि मॅच डॉक्टरांनी होकार दिल्यावरच.

आणि रविवारी सकाळीच टर्फचा सेक्टर, प्लॉट नंबर आणि कुठल्या गेटमधून गाडी आत येते ते कागदावर लिहून स्कोअररच्या टेबलावर चिकटवा. १०८ला 'नेरूळचं टर्फ' सांगून गाडी पोहोचत नाही. एक माणूस गेटवर उभा करा.