सातपुड्यातील पाड्यांचा मुक्त नकाशा : कामातला आनंद आधी कोणाचा पाहावा?

पांझराकाठ, धुळे
ओपनस्ट्रीटमॅप हा 2004 पासून स्वयंसेवक घडवत असलेला मुक्त नकाशा आहे. त्यावर धडगाव-अक्कलकुव्याकडील पाडे भरण्यासाठी आपल्याकडचे विद्यार्थी उत्साहाने येतात आणि थोड्याच दिवसांत दिसेनासे होतात. याचे कारण आळस नसून आपल्या कामाची रचना आहे, असे माझे मत आहे. नकाशाचे काम स्वयंसेवकांत वाटून देणाऱ्या टास्किंग मॅनेजर या संकेतस्थळावर प्रदेशाचे चौकोन पाडलेले असतात; एकाने चौकोन घेऊन उपग्रह छायाचित्रावरून घरे व रस्ते रेखाटायचे आणि दुसऱ्या अनुभवी व्यक्तीने ते पडताळायचे. गाडे अडते ते या पडताळणीपाशी. कित्येक दिवस कोणी पाहत नाही, आणि पाहिले तर कारण न देता चौकोन परत पाठवला जातो. माझा आग्रह असा की नवख्याचा पहिला चौकोन दोन दिवसांत तपासला जावा आणि शेऱ्यात कारण असावे : "ही रेषा रस्ता नसून उन्हाळ्यात कोरडा पडलेला नाला आहे, कारण दोन्ही काठांना झाडांची रांग आहे आणि तो उताराप्रमाणे वळतो." असा शेरा वाचणारा पुढचा चौकोन वेगळ्या नजरेने पाहतो, आणि या कामातला खरा आनंद तोच आहे.

तापीकाठ, चोपडा
मी याच्याशी असहमत आहे. दोन दिवसांचे वचन पाळणार कोण? पडताळणारे मोजकेच आहेत आणि त्यांना नोकरी व शेती आहे. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या, लिनक्स संगणकांवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या, माहिती आकसवण्याच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये दडवलेले चोरदार, म्हणजे आत शिरण्याची गुप्त वाट, उघडकीस आले. त्याचा भार वर्षानुवर्षे जवळजवळ एकाच माणसावर होता. प्रकृतीमुळे पुरेसा वेळ देता येत नाही, असे त्याने जाहीर लिहिले होते, तरी त्याच्यावर घाईचा दबाव येत राहिला, आणि मदतीच्या मिषाने आलेल्या व्यक्तीने त्याचा विश्वास मिळवून घात केला. नवख्यांच्या आनंदासाठी थकलेल्या माणसाला आणखी राबवणारी रचना मला मान्य नाही. जितके पडताळणारे, तितकेच नवे सदस्य घ्यावेत.

केळीचा मळा, रावेर
मुलांना प्रमाणपत्र आणि गुण मिळाले, तर ती टिकतील. केवळ शेऱ्यांवर कोणी रात्री जागणार नाही.

पांझराकाठ, धुळे
बक्षिसाने संख्या वाढते, काम वाढतेच असे नाही. मुक्त सॉफ्टवेअरला हातभार लावावा म्हणून दर ऑक्टोबरात होणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात टी-शर्ट मिळत असे, म्हणून 2020 साली असंख्य निरर्थक पुल रिक्वेस्ट (सॉफ्टवेअरमध्ये बदल सुचवणाऱ्या विनंत्या) आल्या आणि त्या निस्तरताना प्रकल्प चालवणारे जेरीस आले. शेवटी सहभागास संमती देणाऱ्या प्रकल्पांतील कामच धरले जाईल, असा नियम आयोजकांना करावा लागला. तापीकाठ यांची पडताळणाऱ्यांविषयीची काळजी मात्र मला पटते. तरीही नव्यांना दाराबाहेर थांबवले, तर उद्याचे पडताळणारे येणार कोठून? काही चौकोन नीट जमलेल्या विद्यार्थ्याला अनुभवी व्यक्तीच्या सोबतीने पडताळणीस बसवावे; भारही वाटला जाईल आणि शिक्षणही होईल.

उदई, धडगाव
आपली सर्व चर्चा संगणकासमोर बसणाऱ्यांविषयी चालली आहे. डोंगरउतारावर दूरदूर विखुरलेली घरे छायाचित्रात दिसतात, पण त्यांतील गोठा कोणता आणि घर कोणते, पाड्याचे नाव काय, पावसाळ्यात कोणती पायवाट बंद होते, हे तेथे राहणाऱ्यालाच ठाऊक असते. त्याच्याकडे संगणक नाही आणि पावरी हीच त्याची बोली आहे. छापील नकाशा घेऊन आठवडी बाजारात बसा, लोकांना त्यावर पेनाने खुणा करू द्या आणि मग ती माहिती चढवा. सरकारी नोंदीतले नाव आणि लोक उच्चारतात ते नाव वेगळे असेल, तर दोन्ही ठेवण्याची सोय या नकाशात आहे. आपल्या पाड्याचे नाव आपल्या तोंडचे छापून आले, याचा आनंद कोणत्याही गुणांपेक्षा मोठा आहे, आणि तो आमच्या लोकांपर्यंत अजून पोचलेला नाही.

तापीकाठ, चोपडा
बाजारात बसण्याच्या सूचनेला माझा पूर्ण पाठिंबा आहे, कारण तेथे चूक समोरासमोर दुरुस्त होते. नवख्या विद्यार्थ्यांकडून पडताळणी करून घेण्याला मात्र माझा विरोध कायम आहे. नाल्याला रस्ता समजणाऱ्याने दुसऱ्याचा नाला रस्ता म्हणून मान्य केला, तर त्या नकाशाच्या भरवशावर निघालेली रुग्णवाहिका कोठे पोचेल, याचे उत्तर पांझराकाठ यांनी आधी द्यावे.