मदत हवी आहे : ग्लोरांथाचं जग, नियम मात्र डी अँड डीचे

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापुरात सात रस्त्याजवळ एका मित्राकडे रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या टेबलावर बसून पात्रं वठवत खेळायच्या खेळाची पाचवी आवृत्ती खेळतो, डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मी. नव्या मोहिमेसाठी रूनक्वेस्ट (१९७८) या तशाच दुसऱ्या खेळातलं ग्लोरांथाचं काल्पनिक जग घ्यायचंय, नियम मात्र आमचेच, कारण ते सगळ्यांना पाठ आहेत.

देवांच्या कथा विधीतून पुन्हा जगायच्या, हा त्या जगाचा गाभा. गड्ड्याच्या यात्रेत संमती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येच्या लग्नाचा, दरवर्षी नव्याने होणारा अक्षता सोहळा बघत वाढलेल्या आमच्या पोरांना हे समजावून सांगावंच लागणार नाही. म्हणून हेच जग हवंय.

नकाशा, देवता, टोळ्या सहज उचलता येतात. घोडं अडतंय जादूपाशी. रूनक्वेस्टमध्ये क्लास (पात्राचा ठरलेला पेशा) नाहीत, लेव्हल (अनुभवाने चढायच्या पायऱ्या) नाहीत. साध्या शेतकऱ्यालाही एखादा मंत्र येतो आणि मोठी जादू पंथाच्या देवाकडून मिळते. आमच्याकडे प्रत्येकाला दोन कॅन्ट्रिप (हव्या तितक्या वेळा वापरता येणारे छोटे मंत्र) फुकट दिल्या, तर विझार्ड, म्हणजे जादूगाराचा क्लास, खेळणाऱ्याचं वेगळेपण काय उरलं?

दुसरं म्हणजे जखमा. तिथे घाव कुठल्या अवयवावर बसला ते बघतात, एका वारात पाय निकामी होतो. म्हणून लोक शरण जातात, खंडणी देऊन सुटतात. आमचा दहाव्या लेव्हलचा फायटर (लढवय्या) नव्वदएक हिट पॉइंट (किती मार सोसेल त्याचे गुण) घेऊन बिनधास्त घुसतो. मग खंडणीची प्रथा त्या जगात पटणार कशी?

असं कुणी खेळवलंय का? पंथ बॅकग्राउंड (पात्राची पूर्वपीठिका) म्हणून द्यावेत की फीट (पात्राला मिळणारं खास कौशल्य) म्हणून? ‘थर्टींथ एज ग्लोरांथा’ हा याच जगावरचा वेगळा खेळ डी अँड डीसारखा वीस बाजूंच्या फाशावरच चालतो, त्यातलं काही आमच्या टेबलावर जसंच्या तसं चालेल का?