बाटली आडवी करायची आहे, पण बायका ठरवतील का? (करवीर तालुका)

करवीरची_सून:

नमस्कार. आमचं गाव करवीर तालुक्यात, शहरापासून एसटीनं पाऊण तास. गावातलं देशी दारूचं दुकान बंद करावं म्हणून आम्ही बायकांनी अर्ज दिलाय. पंचवीस टक्के महिला मतदारांच्या सह्या लागतात, त्या झाल्या. उत्पादन शुल्कचे लोक येऊन सह्यांची पडताळणीही करून गेले. आता मतदानाची तारीख लागेल.

मला भीती वेगळीच आहे. आमच्या घरात मत कुणाला द्यायचं ते सासरे ठरवतात. दूध संस्था ज्या गटाची, कारखान्याला ऊस ज्या गटामुळं जातो, मत त्या गटाला. २०२४ ला मे महिन्यात लोकसभेला तसंच झालं, नोव्हेंबरात विधानसभेलाही तसंच. विधानसभेला आमच्या करवीरचा निकाल फक्त १,९७६ मतांनी लागला. तो आकडा ऐकल्यावर पहिल्यांदा वाटलं, माझं मत मी स्वतः कधी दिलंय का?

या मतदानाला उमेदवार नाही, चिन्ह म्हणून दोनच चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. पण दुकानदार गावातल्या मोठ्या गटाचा माणूस आहे, आणि सही केलेल्या बायकासुद्धा आता म्हणतात, "मालकांस्नी विचारून सांगते." आपल्या जिल्ह्यात ज्यांच्या गावात हे मतदान झालंय त्यांनी सांगा, तुमच्याकडं बायकांनी कसं ठरवलं?

गडहिंग्लजची_मावशी:

पोरी, आमच्या गावात दोनदा मतदान झालं. पहिल्यांदा आम्ही पडलो. ते का पडलो ते आधी ऐक, कारण तू ज्याला भितीस त्यानं आम्ही पडलो न्हाई.

आलेल्या बायकांत जास्ती कुणाच्या, असा हा हिशोब नसतोय. यादीवर जेवढ्या बायका, त्यांच्या निम्म्याहून जास्ती मतं आडव्या बाटलीला पडाय लागतात. समज यादीवर १,००० नावं आहेत. ६०० जणी आल्या, ४८० जणींनी आडवी केली, १२० जणींनी उभी. तरी दुकान चालूच राहतंय, कारण ५०१ झाली न्हाईत. जी बाई आलीच न्हाई, तिचं मत उभ्या बाटलीला गेल्यासारखंच. मराठी शाळेत मोजणी झाली तवा आडवीची गड्डी एवढी मोठी होती की आम्ही हळदी-कुंकू घेऊनच उभ्या होतो. साहेबांनी बेरीज वाचली आणि सगळ्या गप. एक म्हातारी तिथंच पायरीवर बसून रडली, तिचा थोरला पोरगा त्या दुकानापायी गेलता.

मग आम्ही यादी घेऊन बसलो. एकट्या माझ्या वॉर्डात ४३ नावं अशी निघाली, की ती बाई गावात न्हाईच. माझी नणंद लग्न होऊन बेळगावकडं गेली त्याला अकरा वर्षं झाली, नाव आमच्याच यादीत. चुलत सासू वारली, तिचंही नाव तसंच. घरात कार्य झालं, दिवस घातले, यादीतलं नाव काढायचं कुणाच्या डोक्यात येतंय? सात नंबरचा फॉर्म असतो नाव वगळायचा. आमची बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारी, अंगणवाडीतलीच बाई होती, तिनं दारोदारी फिरून भरून घेतले. तारीख लागायच्या आधी हे काम कर. बाकीचं नंतर.

आता ठरवलं कसं, ते. सभेत कुणी ठरवत न्हाई. सभेत पुरुष भिंतीला टेकून उभे असतात, बायका पदर तोंडाला लावून माना हलवतात. आमचं ठरलं डेअरीवर. संध्याकाळी किटल्या घेऊन रांगेत थांबलेलो असताना एकीनं सहज विचारलं, दुकानात गर्दी कुठल्या दिवशी असते गं? सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, बिलाच्या दिवशी. दहा दिवसाला दुधाचं बिल येतंय. वैरण आम्ही आणायची, शेण आम्ही काढायचं, धारा आम्ही काढायच्या, आणि संस्थेत खातं मालकाच्या नावावर. ते बिल डेअरीतनं निघून घरात यायच्या आधी दुकानावरनं जातंय. हे प्रत्येकीला ठाऊक होतं, पण आपापल्या घरापुरतं. त्या रांगेत ते सगळ्यांचं झालं. त्यानंतर मला कुणाला समजवावं लागलं न्हाई.

"मालकांस्नी विचारते" म्हणणारीला आम्ही एवढंच सांगितलं, की मत गुप्त आहे, शिक्का मारताना आत तू एकटी असतीस. घरात भांडण काढू नको, आत गेल्यावर काय ते कर.

आदल्या रात्री मात्र एक वाईट प्रकार झाला. दुकानाच्या बाजूची माणसं देवाचा भंडारा घेऊन घरोघरी फिरली आणि काही बायकांकडनं तो उचलून घेतला. निवडणुकीला हे आपल्याकडं चालतंयच, पण इथं त्याची फार धास्ती बसली, कारण भंडारा उचलून शब्द मोडायचा म्हणजे घरावर काही येईल असं वाटतं. आमच्या वाड्यातली सगळ्यात थोरली बाई, नव्वदीची, रात्री काठी टेकत त्या घरांत गेली. म्हणाली, "घर मोडायला उचललेला भंडारा देव मोजत न्हाई. उद्या माझ्याबरोबर चला." गेल्या सगळ्या.

आणि मतदानाच्या दिवशी कुणाच्या उसाची भांगलण ठेवू नका. रोजगार बुडतो म्हणून बाई येत न्हाई. आम्ही आठवडाभर आधी पैरा करून, म्हणजे एकमेकींच्या रानात आळीपाळीनं राबून, कामं उरकली. पुण्याला असलेल्या सुनांना फोन केले, सातजणी रात्रीच्या गाडीनं आल्या. दुसऱ्या खेपेला आम्ही २७ मतांनी पार झालो.

निवृत्त_मास्तर_कागल:

मावशींनी सगळं सांगितलंच आहे. मूळ प्रश्नातल्या एका गोष्टीवर लिहितो.

ताई, घरातलं मत गटावर ठरतं हे आपल्या जिल्ह्यात खरंच आहे, पण ते पूर्वीइतकं राहिलेलं नाही. २०१९ ला नेत्यानं "आमचं ठरलंय" म्हटलं की अख्खा गट फिरत होता. २०२४ च्या लोकसभेला "मान गादीला, मत मोदीला" अशी घोषणा गावोगाव झाली, तरी कोल्हापूर मतदारसंघात त्या गादीचेच शाहू महाराज महाविकास आघाडीकडून दीड लाखाहून जास्त मतांनी निवडून आले. सहा महिन्यांत विधानसभा झाली, तर जिल्ह्यातल्या दहापैकी एकही जागा महाविकास आघाडीला मिळाली नाही. नेते, कारखाने, संस्था बहुतेक त्याच होत्या. मधल्या काळात लाडक्या बहिणीचे महिन्याला १,५०० रुपये सुरू झाले आणि ते बाईच्या स्वतःच्या खात्यावर आले. निकालाला कारणं अनेक असतील. पण माझ्या गल्लीत मी डोळ्यांनी पाहिलं, की त्या वेळी बायका मतदानाला घरच्या पुरुषांबरोबर गेल्या नाहीत, आपापसांत ठरवून गेल्या. ते मत मला पटलं की नाही हा भाग वेगळा, पण ठरवलं त्यांनी. तुमच्या गावातल्या बायकांना हे नवीन नाही, हे त्यांना आठवण करून द्या.

उचगावचा_पोरगा:

काकू, राग मानू नका. दुकान बंद झालं की पिणारा शेजारच्या गावात जातो. आमच्या पाहुण्यांच्या गावात बंद केलं, तर चोरून घरात विकायला लागले. मग उपयोग काय?

गडहिंग्लजची_मावशी:

राग कशाला बाळा, खरं बोललास. माझा धाकटा दीर अजून सहा किलोमीटर जाऊन पितो. पण गाडीत पेट्रोल असलं तरच जातो, पावसात जात न्हाई, आणि बिलाच्या दिवशी पैसे आधी घरात येतात. शाळेच्या वाटेवर पडलेली माणसं पोरींना ओलांडावी लागत न्हाईत. चोरून विकणाऱ्याचं नाव आम्ही दोनदा पोलीस ठाण्यात दिलंय, तिसऱ्यांदाही देऊ.

करवीरची_सून:

मावशी, तुमचं वाचून काल रात्रीच यादी काढली. आमच्या गल्लीत बायकांची १९ नावं, त्यांतल्या चौघी इथं राहतच नाहीत. एक तर माझी थोरली जाऊ, ती वारली त्याला दोन वर्षं झाली. उद्या बीएलओ मॅडमना भेटते.

आणि एक सांगायचं राहिलं. मी यादीवर खुणा करत होते तर सासूबाई शेजारी येऊन बसल्या. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, माझं नाव कुठाय त्यात? मी बोट ठेवून दाखवलं. त्या बराच वेळ तिथंच बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बिलाच्या दिवसाचं ते मावशीचं म्हणणं डेअरीवर मी सांगते. तुझं ऐकणार न्हाईत त्या, तू नवीन हाईस."