जकार्तात सहा दिवस, सोबत आई: गाडी करावी की रेल्वे-बसने फिरावं?

पाऊलवाट:
नमस्कार मंडळी. जुलैत मी आणि आई जकार्ताला जातोय. सुदिरमान रस्त्यावर माझं दोन दिवस ऑफिसचं काम आहे, त्याला जोडून चार दिवस मोकळे ठेवलेत. आई ६८ वर्षांची आहे. सपाटीवर तास-दीड तास आरामात चालते, पण जिना आला की गुडघे बोलायला लागतात. तिला मोनास (राष्ट्रीय स्मारकाचा स्तंभ), इस्तिकलाल मशीद, जुनं शहर आणि जमलं तर जवळच्या बोगोर शहरातली वनस्पती बाग बघायची आहे. ज्याला विचारावं तो एकच सांगतो, "ट्रॅफिक भयंकर आहे, दिवसभराची गाडी करून टाका." पण आई म्हणाली, "गाडीतच बसायचं तर मी इथे घरीच बसते, मला माणसं बघायचीत." म्हणून विचारते: राहायचं कुठे, रेल्वे आणि बसचं तिकीट कसं काढायचं आणि भाषा येत नसताना दोघी बायकांना हे झेपेल का?

चिकिनीकर:
ताई, आईंचं बरोबर आहे. दिवसभराची गाडी करू नका. मी तीन वर्षं जकार्तात नोकरीला होतो, चिकिनी स्टेशनपासून सात मिनिटांवर राहायचो, आणि त्या तीन वर्षांत स्वतःची गाडी घ्यावीशी एकदाही वाटली नाही.

पहिल्या महिन्यातली गोष्ट सांगतो. शुक्रवार होता, पाऊस धरलेला. मी ब्लॉक एमहून साडेपाचला टॅक्सीत बसलो. विमान सव्वानऊचं, म्हणजे हातात भरपूर वेळ असं माझं गणित. सेमांगीच्या आसपासच तास गेला. चालक बिचारा शांतपणे गाडी दोन-दोन हात पुढे सरकवत होता आणि मध्येच मागे वळून म्हणायचा, "माचेत, पाक." विमानतळावर पोचलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते आणि सामान घेणं बंद झालं होतं. त्या रात्री 'माचेत' हा शब्द मला कायमचा पाठ झाला. माचेत म्हणजे वाहतूक तुंबणं, आणि पाक म्हणजे साहेब. त्या शहरात अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नाही, किती वाजलेत ते बघून मोजायचं. तेच अंतर सकाळी अकराला पंचवीस मिनिटांचं असतं आणि संध्याकाळी सहाला दोन तासांचं होतं. रुळांवर मात्र अकरा आणि सहा सारखेच.

म्हणून हॉटेल निवडताना तारे नंतर बघा, स्टेशन आधी बघा. तुमचं काम सुदिरमानवर आहे तर दुकुह आतास ते बुंदारान हाई या पट्ट्यात राहा. दुकुह आतास हे नाव लिहूनच ठेवा. तिथे मेट्रो आहे, सुदिरमान नावाचं लोकलचं स्टेशन आहे, विमानतळाची गाडी थांबते ते बीएनआय सिटी आहे, २०२३ मध्ये सुरू झालेली बिनचालकाची एलआरटी, म्हणजे हलकी मेट्रो आहे आणि ट्रान्सजकार्ता या शहर बससेवेचा थांबाही आहे. सगळं चालण्याच्या अंतरात. मेट्रोतून लोकलकडे जाताना केंदाल नावाचा बोगदा लागतो. पूर्वी तिथून गाड्या जायच्या, आता फक्त पायी चालणारे. भिंतींवर चित्रं आहेत. आईंना आवडेल.

आता पैशांचं. बसमध्ये रोख चालत नाही. बँकांची कार्डं मिळतात: फ्लाझ, ई-मनी, ब्रिझी, टॅपकॅश. यातलं कुठलंही एक घ्या. इंदोमारेत किंवा अल्फामार्त ही दुकानं जवळपास प्रत्येक वळणावर आहेत, तिथे रोख देऊन कार्डात पैसे भरता येतात. तेच कार्ड मेट्रो, लोकल आणि बस तिन्हीला चालतं. पण एका माणसाला एक कार्ड, एकाच कार्डावर दोघींना आत जाता येत नाही, म्हणून दोन घ्या. आत जाताना टेकवायचं आणि बाहेर पडतानाही टेकवायचं. शिल्लक २०,००० रुपियाच्या (रुपिया हे तिथलं चलन) खाली जाऊ देऊ नका. भाडी अगदी कमी आहेत. ट्रान्सजकार्ता कुठूनही कुठेही ३,५००, आणि फाटकाच्या बाहेर न पडता बस बदलली तर पुन्हा पैसे नाहीत. मेट्रो ३,००० ते १४,०००. लोकल पहिल्या २५ किलोमीटरला ३,०००, पुढे दर १० किलोमीटरला १,०००.

नोटांवरची शून्यं मोजत बसू नका, रंग लक्षात ठेवा. लाल म्हणजे लाख, निळी पन्नास हजार, हिरवी वीस हजार, जांभळी दहा हजार.

मोनास आणि इस्तिकलालच्या दिवसाचा माझा आवडता मार्ग असा. सकाळी नऊनंतर दुकुह आतासहून ट्रान्सजकार्ताची १ नंबरची बस घ्या, ब्लॉक एम ते कोता धावणारी. २००४ मध्ये हीच मार्गिका सर्वांत आधी सुरू झाली. बसला स्वतःची वेगळी लेन आहे, त्यामुळे बाजूच्या गाड्या उभ्या असल्या तरी तुम्ही पुढे जात राहता. थांबे रस्त्याच्या मधोमध आहेत, त्यामुळे पादचारी पूल चढावा लागतो. मात्र बऱ्याच पुलांना पायऱ्यांऐवजी लांब उतार आहे, गुडघ्यांना तो बरा. मोनासला उतरा. १३२ मीटर उंचीचा स्तंभ आहे, टोकाला सोनेरी ज्वाळा. सोमवारी जाऊ नका, मोनासही बंद असतं आणि संग्रहालयंही.

मोनासचं मैदान अवाढव्य आहे आणि ऊन डोक्यावर येतं. तिथून इस्तिकलालला आईंना चालवू नका, रिक्षा करा. रिक्षेला तिथे बजाजच म्हणतात. खरंच. बोलताना 'बाजाय' असं ऐकू येतं. निळ्या रंगाच्या, गॅसवर चालणाऱ्या. मीटर नसतो, बसण्याआधी "बेरापा, पाक?" विचारून भाव ठरवायचा. बेरापा म्हणजे किती.

इस्तिकलाल ही आग्नेय आशियातली सर्वांत मोठी मशीद, आणि तिचा आराखडा फ्रेडरिक सिलाबान या ख्रिस्ती वास्तुविशारदाने केला. समोरच कॅथेड्रल आहे. मी दर पाहुण्याला तिथे न्यायचो आणि दर वेळी थोडा वेळ रस्त्यावर उभा राहून दोन्हीकडे बघायचो. खांदे आणि पाय झाकणारे कपडे हवेत. नंतर जुआंदा स्टेशनवरून लोकलने थेट जकार्ता कोता, म्हणजे जुनं शहर. हे १९२९ चं स्टेशन आहे. गाडीतून उतरलात की लगेच बाहेर पळू नका, छताची मोठी कमान बघा. तिथून फताहिल्ला चौक पायी. चौकातली पांढरी इमारत १७१० ची, डचांच्या बटाव्हियाचं (जकार्ताचं तेव्हाचं नाव) नगरभवन, आता तिथे संग्रहालय आहे.

एक सूचना: नकाशात मोनासला सर्वांत जवळचं स्टेशन गंबीर दिसेल. लोकल तिथे थांबत नाही, ते फक्त लांब पल्ल्याच्या गाड्यांचं आहे.

सुमेधा_क:
चिकिनीकरांनी छान लिहिलंय. मी बाई म्हणून थोडी भर घालते. मी तिथे दोन वर्षं एकटी राहिले आणि रोज लोकलने प्रवास केला.

लोकलचा पहिला आणि शेवटचा डबा बायकांचा. पाटी दिसेल, 'खुसुस वनिता'. हो, आपलीच वनिता. आईंना हे सांगा, मजा वाटेल. माझ्या आईने तर हळूहळू यादीच केली होती. उतारा म्हणजे उत्तर दिशा, पेर्तामा म्हणजे पहिला, बुमी म्हणजे पृथ्वी, सुआमी म्हणजे नवरा आणि इस्त्री म्हणजे बायको. फक्त 'बारात' वाचून वरात शोधू नका, बारात म्हणजे पश्चिम.

बसमध्येही पुढचा भाग बायकांसाठी असतो. बस थांब्याला लागताना एक घोषणा होते, तिच्यात 'हाती-हाती' ऐकू येईल. म्हणजे जपून. थांबा आणि बस यांच्यामध्ये फट असते, त्यासाठी सांगतात.

आईंच्या गुडघ्यांची काळजी तुम्हाला वाटतेय, त्याबद्दल मला आठवतं ते सांगते. आई आली होती तेव्हा तेबेतहून आम्ही चढलो, डबा भरलेला. मी जागा शोधत होते तेवढ्यात डोक्यावर रुमाल बांधलेली एक कॉलेजची मुलगी उठली, आईच्या कोपराला नुसता हात लावला आणि म्हणाली, "दुदुक, बू." बसा, आई. आईने मराठीत "नको ग, बस तू" म्हटलं. मुलीने मराठीतलं ते 'नको' बरोबर ओळखलं, हसली आणि आपली पिशवी उचलून थेट दारापाशी जाऊन उभी राहिली, म्हणजे आईला नाही म्हणायला जागाच उरली नाही. मग आईने तिची पिशवी मांडीवर घेतली. मांगाराईपर्यंत दोघी एकमेकींकडे बघून हसत होत्या. आईला मी गाडीतून फिरवलं असतं तर हे घडलंच नसतं, म्हणून तुमच्या आईंचं म्हणणं मला फार पटलं.

मात्र सकाळी साडेसहा ते नऊ आणि संध्याकाळी साडेचार ते साडेसात लोकल टाळा. बायकांच्या डब्यात तर त्या वेळी रेटा जास्तच असतो. मेट्रोही भरते, पण लोक रांगेत राहतात आणि प्रत्येक स्टेशनला लिफ्ट आहे. डब्यात खाणं-पिणं चालत नाही. अपवाद रमजानचा, तेव्हा मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाची वेळ झाली की थोडा वेळ पाणी आणि खजूर चालतात.

दर्यावर्दी:
माझं थोडं वेगळं मत. रेल्वे हवीच, पण आईंसाठी दिवसाच्या शेवटच्या टप्प्याला गाडी ठेवा. दमलेल्या माणसाला पूल चढवू नये. गोजेक किंवा ग्रॅब हे गाडी बोलवायचं अ‍ॅप फोनवर घालून घ्या, दोन्हीत रोखही देता येते. ब्लू बर्डच्या निळ्या टॅक्सी मीटरने चालतात. सकाळी दहा ते दुपारी तीन रस्ते बरे असतात. मोठ्या रस्त्यांवर आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळी ६ ते १० आणि दुपारी ४ ते रात्री ९ सम-विषम नंबरचा नियम असतो. त्यामुळे चालक कधी लांबून वळसा घेतो. फसवतोय असं समजू नका.

चालक निरोप पाठवतो, "सेसुआई तितिक या?" म्हणजे नकाशात खूण केली तिथेच ना? तुम्ही "या, पाक" (हो, साहेब) एवढंच लिहा. मोठ्या मॉलला चार-चार दारं असतात, तेव्हा कुठल्या दाराशी उभ्या आहात त्याचा फोटो पाठवा. ग्रॅबमध्ये निरोपांचं भाषांतर होतं.

तुमचा एक रविवार तिथे असेल तर सकाळी सहा ते दहा सुदिरमान-थामरिन रस्ता गाड्यांना बंद असतो. एरवी जिथे गाड्या हलत नाहीत तिथे लोक चालतात, सायकली चालवतात. बाकी लेबाक बुलुसपर्यंतची मेट्रो एकदा नुसती बसायला म्हणून घ्या. २०१९ मध्ये सुरू झाली, १३ स्टेशनं, अर्धा तास. सेनायानपर्यंत गाडी जमिनीखाली असते, मग एकदम वर येते, डब्यात लख्ख उजेड पसरतो आणि लाल कौलांची घरं, झाडं, मशिदींचे घुमट खाली दिसायला लागतात.

पाऊलवाट:
सगळ्यांचे मनापासून आभार. सुमेधाताई, तुमचा प्रसंग आईला वाचून दाखवला, ती म्हणाली, "मग लोकलनेच जाऊ." आता बोगोरचं सांगा. दुकुह आतासला राहिलो तर मांगाराईला गाडी बदलावी लागेल असं दिसतंय. तिथे जिने आहेत का? आणि बोगोरला उतरल्यावर पुढे?

चिकिनीकर:
मांगाराईचा प्रश्न बरोबर हेरलात. सुदिरमानहून येणारी गाडी तिथे खाली लागते आणि बोगोरची वरच्या मजल्यावर. सरकते जिने आणि लिफ्ट आहेत, पण बदलणारी माणसं एकदम लोटतात. म्हणून त्या दिवशी मांगाराई टाळाच. सकाळी हॉटेलवरून गाडीने चिकिनीला किंवा गोंदांगदियाला या आणि तिथून बोगोरची गाडी थेट पकडा. सकाळची गर्दी शहराच्या दिशेने येणारी असते, तुम्ही उलट जाल, त्यामुळे बसायला मिळायची शक्यता चांगली. सव्वा तास धरा. रविवार नको. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात शाळांना सुट्टी असते, सगळी कुटुंबं तिकडेच निघतात.

बोगोरला स्टेशनबाहेर हिरव्या अंगकोतांची रांग दिसेल. अंगकोत म्हणजे छोटी व्हॅन, दार कायम उघडं, आत समोरासमोर बाकं. चढण्याआधी चालकाला "केबुन राया?" (म्हणजे ती बाग) विचारा, त्याने मान हलवली की बसा. उतरायचं असेल तेव्हा जोरात "किरी!" म्हणा. किरी म्हणजे डावीकडे, तिथे गाडी डावीकडे थांबते. आईंना म्हणायला लावा. माझी मुलगी सहा वर्षांची असताना हा तिचा पहिला इंडोनेशियन शब्द होता आणि तो ओरडायला मिळावा म्हणून ती अंगकोतचा हट्ट धरायची. पण व्हॅनचं दार बुटकं असतं, वाकून चढावं लागतं. आईंना जड वाटलं तर स्टेशनवरून ग्रॅब करा, अंतर थोडंच आहे.

बाग १८१७ ची आहे. घाई करू नका, जुनी मोठी झाडं मुख्य दारापासूनच सुरू होतात, सगळी बाग पालथी घालायची गरज नाही. जुलै कोरडा महिना असला तरी बोगोरला 'कोता हुजान' म्हणतात, पावसाचं शहर. दुपारी दोनच्या सुमाराला आभाळ भरून येतं. छत्री न्या आणि दीड-दोनपर्यंत परतीच्या गाडीत बसा, म्हणजे पाऊसही चुकेल आणि संध्याकाळची गर्दीही. येताना जुआंदापर्यंत पुढे गेलात तर गंबीरला गाडी न थांबता निघून जाते, तेव्हा डाव्या खिडकीतून मोनास दिसतं. आईंना डावीकडे बसवा.