रोडसाइड युनिटला मराठीत काय म्हणायचं? आणि कनेक्टिव्हिटीला?

राजारामपुरी_९: मंडळी, एका जागी अडलोय. गाड्या एकमेकींशी आणि रस्त्याकडेच्या यंत्राशी वायरलेसवर बोलतात त्या तंत्रावरचा लेख इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी मराठीत आणतोय. रोडसाइड युनिट म्हणजे सिग्नलच्या नाहीतर दुसऱ्या कुठल्या खांबावर बसवलेली पेटी, गाड्यांकडनं माहिती घेते आणि पुढं काय आहे ते मागच्यांना कळवते. मी 'संपर्कनाका' लिहिलं होतं, तपासणाऱ्या बाईंनी खोडून 'पथपार्श्व एकक' केलं. वाचून डोळ्यासमोर काहीच येत नाही. आणि कनेक्टिव्हिटीला 'संलग्नता'! ती कॉलेजला विद्यापीठाची असते ना?

शाहूपुरीकर: पथपार्श्व एकक योग्य आहे. नवा शब्द सुरुवातीला अवघड वाटतोच. सावरकरांचे महापौर, दिग्दर्शक हे शब्द घ्या, आज सिनेमावाल्या कोल्हापुरात दिग्दर्शक कुणाला अडतो? नाका म्हणजे अडवायची जागा, जकात नाका, टोल नाका. हे यंत्र कुणाला अडवत नाही.

बावडेकर_पाटील: सर, कावळा नाक्यावर कोण अडवतं मग? ताराराणी चौक नाव झालं तरी रिक्षावाल्याला आपण कावळा नाकाच सांगतो. रस्ते मिळतात तोही नाकाच, आणि ह्या पेट्या बसवायच्या तर आधी चौकातच बसवतात.

अँटेना_उचगाव: मी नेटवर्कच्या लाइनमधला, म्हणून थोडं सांगतो. नाका म्हटलं की लोक किणीचा टोल आणि फास्टॅग धरतील आणि तिथंच घोळ होईल. काचेवरच्या स्टिकरला बॅटरी नसते, वरच्या रीडरच्या लहरींवर तो तेवढ्यापुरता जागा होतो आणि नंबर सांगतो, संपलं. इथं गाडीत स्वतःचा रेडिओ लागतो, गाडी सेकंदाला साधारण १० वेळा आपली जागा, वेग, दिशा, ब्रेक दाबलाय का ते सांगत राहते, आणि खांब ते ऐकून उलट बोलतोही. आणि नाव तंत्रावरनं देऊ नका. अमेरिकेनं १९९९ ला ह्या कामासाठी ५.९ गिगाहर्ट्झजवळ ७५ मेगाहर्ट्झचा पट्टा राखला, डीएसआरसी नावाचं तंत्र धरून. २०२० ला त्यातले ४५ वायफायसारख्या वापराला देऊन टाकले, उरलेले ३० सीव्हीटूएक्सकडं, म्हणजे मोबाइलच्या नेटवर्कवर बेतलेल्या नव्या तंत्राकडं. तंत्र बदललं पण खांबाचं काम तेच. म्हणून 'बोलका खांब' म्हणा.

शाहूपुरीकर: बोलका खांब हा बालवाडीतला शब्द झाला. शास्त्रीय परिभाषेला वजन लागतं.

बावडेकर_पाटील: वजन कशाला लागतंय सर? २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं तेव्हा ट्रकांच्या रांगा लागलेल्या बघितल्यात आम्ही, पुढं रस्ता बंद हाय एवढंच लांबच्या ड्रायव्हरला वेळेत कळायला पाहिजे होतं. उद्या हा खांब तेच सांगणार असेल तर त्याचं नाव ड्रायव्हरच्या तोंडात बसायला नको?

गगनबावडा_घाट: कनेक्टिव्हिटीवर कोणच बोलंना. आमच्या करूळ घाटात पावसाळ्यात रात्री बराच वेळ समोरनं गाडी येत नाही, आली तरी वळणामागं डोंगर आडवा. तिथं जोडणी म्हणजे एक गाडी दुसरीच्या टप्प्यात येणं, दुसरं काही नाही. मग 'टप्पा' का नको? आणि टप्प्यात कोणच नसलं तर गाडी मेसेज स्वतःजवळ ठेवून पुढं नेते, कुणी भेटलं की देते, असं वाचलंय. आमच्याकडं कोल्हापुरात शिकायला ठेवलेल्या भावाचा डबा असाच एसटीनं जायचा, ड्रायव्हरच्या हातात दिला की स्टँडवर भाऊ घ्यायला उभा. असल्या मेसेजला 'सांगावा' म्हणा, शब्द तयार हाय.

अँटेना_उचगाव: बरोबर वाचलंय, आणि ५.९ ची लहर डोंगर पार करत नाही हेही खरं. मोकळ्या रस्त्यावर काहीशे मीटर जाते, घाटात वळणावळणाला खांब लागेल, त्याला वीज आणि मागं फायबर लागेल.

राजारामपुरी_९: सांगावा घेतला! पण टप्पा म्हणजे रेंज झाली. लेखात कनेक्टिव्हिटीची प्रोबॅबिलिटी आहे, गाड्या विरळ झाल्या की ती घसरते. 'टप्प्याची शक्यता' कसं लिहू? 'संपर्क जुळण्याची शक्यता' चालेल?

शाहूपुरीकर: सांगावा बोलीतला आहे. निरोप लिहा.

गगनबावडा_घाट: बोलीतला म्हणजे मराठी नव्हे का? निरोप घेऊन माणूस निघून पण जातो, सांगाव्याचं तसं होत नाही. सांगावा कुणीतरी कुणालातरी धाडलेलाच असतो.

मंगळवार_पेठ: कनेक्टिव्हिटी म्हणजे सरळ दळणवळण. बायका जात्यावर दळायला एकमेकींकडं जायच्या, जाता-येता वाट वळायची, त्यातनं हा शब्द आला असं आजी सांगायची. कोल्हापूरला कोकणाशी दळणवळण पाहिजे म्हणून वैभववाडी रेल्वे रेल्वे म्हणून किती वर्षं ओरडतोय आपण.

शाहूपुरीकर: व्युत्पत्तीला कोशाचा आधार द्या. जात्याची गोष्ट ऐकायला गोड आहे, आधार नव्हे.

मंगळवार_पेठ: आजीनं कोश बघितला नव्हता सर, जातं बघितलं होतं. आणि रेल्वेचं काय झालं ते आधी कुणीतरी सांगा.